कर्नल जुळत नाही

"लिनक्स ना? वहिनी, लिनक्स मी कोळून प्यायलोय," दीर म्हणाला आणि ऐटीत खुर्ची ओढून बसला. खुर्चीचं मागचं चाक निखळलं आणि लिनक्स कोळून प्यायलेला माणूस कागदांच्या गठ्ठ्यांवर उताणा पडला.

मी हसले नाही. उठायला हातही दिला नाही. सकाळचे सव्वानऊ वाजले होते, आणि ज्या मशीनपुढे तो पडला होता ते त्यानंच काल संध्याकाळी बिघडवलं होतं. "जरा साफसफाई करून देतो" म्हणून बसला होता. मी म्हटलं होतं, भाऊजी, चालतंय ते चालू द्या. तर म्हणाला, "नऊ वर्षांत एकदाही अपडेट नाही? हे म्हणजे नऊ वर्षं दात न घासण्यासारखं आहे." घासले दात. सकाळी येऊन बघते तर सगळे दात पडलेले.

आमचा छापखाना ब्रेलचा. एक खोली, एक कॉम्प्युटर आणि ठिपके उठवणारं एक यंत्र. ते जाड कागदावर टकटक करत ठिपके उठवतं, म्हणून आम्ही त्याला सुतारपक्षी म्हणायचो. पुढे पक्षी उडून गेला आणि सुतार राहिला. ज्या कंपनीनं सुतार बनवला ती कधीच बुडाली. जाता जाता तिनं एक चांगलं काम केलं होतं: सुताराशी बोलणारा ड्रायव्हर कसा बांधायचा त्याचा सगळा कोड डिस्कवर देऊन ठेवला होता. चालतो मात्र फक्त लिनक्स या प्रणालीवर.

आणि आज सुताराला काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अंध उमेदवारांची परीक्षा होती, शिक्षक होण्याची. अकरा उमेदवार, विषय गणित. अकरा प्रश्नपत्रिका पाच वाजता परीक्षेचं केंद्र असलेल्या शाळेची गाडी येऊन नेणार होती. प्रश्नपत्रिका नसतील तर केंद्रावर एक डोळस माणूस बसणार आणि अकरा जणांना प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवणार. त्याला वाचक म्हणतात.

वाचक म्हणजे काय ते माझ्या मावशीला विचारा. ती माझ्याकडे मुद्रितं तपासते, बोटांनी. हीच परीक्षा तिनं तरुणपणी दिली होती. वाचकाला ऐन प्रश्नात शिंक आली आणि वजाचं चिन्ह शिंकेत गेलं. मावशी दोन गुणांनी नापास झाली. "माझी नोकरी एकाच्या नाकातून गेली," ती अजूनही म्हणते, आणि म्हणताना हसत नाही.

"किती वेळ लागेल?" मावशीनं खिडकीजवळच्या टेबलावरून विचारलं.

"पाच मिनिटं," दीर उठत म्हणाला.

"इंजिनिअर, कोणत्या ग्रहावरची?"

तो स्टुलावर बसला. स्टूल शाबूत होतं.

"प्रॉब्लेम अगदी साधा आहे, वहिनी. मशीनमध्ये कर्नल असतो."

"आमच्या घरातही आहे," मी म्हटलं.

आमच्या सासऱ्यांना सगळे कर्नल म्हणतात. सैन्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या गोदामात स्टोअरकीपर होते. पण मिश्या तशा, चालणं तसं, आणि दारातल्या चपला ते रोज एका रांगेत उभ्या करतात. छापखान्याला लागूनच त्यांची खोली आहे, मध्ये एक दार. ते दार कधी बंद नसतं, आणि सासऱ्यांचे कानही.

"तो नाही हो. हा कर्नल म्हणजे मशीनचा मुकादम. पडदा, कीबोर्ड, डिस्क, सगळे याच्या हाताखाली. सुताराचा ड्रायव्हरपण. काल अपडेटमध्ये कर्नल नवा आला. जुन्या कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर नव्याला ओळखत नाही. मी आत्ता परत बांधतो. एक कमांड."

त्यानं कमांड दिली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. दिरानं ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा पुसला.

"काय म्हणतंय?"

"हेडर फाइल सापडत नाही म्हणतंय. किरकोळ आहे. हेडर उतरवून घेतो."

"हेडर म्हणजे?"

"वहिनी, ते समजायला बेसिक लागतं."

मी नऊ वर्षं हा छापखाना चालवते. सुताराच्या पोटात हात घालून अडकलेले कागद काढते, त्याच्या सुया बदलते, त्याची एक सुई माझ्या अंगठ्यात आरपार गेली आहे. आणि मला बेसिक लागतं. मी दात आवळले. आमच्या घरात आता दातांचाच विषय चालला होता.

त्यानं हेडर उतरवले. कमांड पुन्हा दिली. पडदाभर ओळी सरसर पळाल्या, शेवटी काही चूक नाही असं आलं. दिरानं टाळी वाजवली.

"झालं. बघा, पाच मिनिटं."

"दहा पाच झाले," मावशी म्हणाली. तिचं घड्याळ बोटांनी वाचायचं आहे आणि ते खोटं बोलत नाही.

मग दिरानं बांधलेला ड्रायव्हर कर्नलच्या हाती दिला, आणि कर्नलनं तो तोंडावर फेकला. एका ओळीत: हा माल माझ्या मापाचा नाही.

"असं कसं?" दीर पडद्याला म्हणाला. "अरे, आत्ताच तर बांधला!"

"कोणते हेडर उतरवलेत?" मी विचारलं. बेसिक नव्हतं, तरी विचारलं.

"सगळ्यात नवे. कायम सगळ्यात नवं घ्यावं."

"आणि मशीनमध्ये कर्नल कोणता आहे?"

तो खोकला. कर्नल कालचा होता आणि हेडर त्याच्याही पुढच्या कर्नलचे. शिंप्याकडे शेजाऱ्याचं माप द्यायचं आणि शर्ट दंडात अडकला की दंडाला दोष द्यायचा, त्यातला प्रकार.

इथे कोणीही शहाणा माणूस बरोबर मापाचे हेडर आणायला गेला असता. आमचा दीर हुशार आहे. शहाणपण आणि हुशारी एका घरात नांदत नाहीत. तो म्हणाला, "थांबा. हेडरमध्ये एका फाइलीत आकडा लिहिलेला असतो, कोणत्या कर्नलचे आहेत त्याचा. तोच बदलतो. कर्नलला काय कळतंय?"

"म्हणजे दाखल्यावर जन्मतारीख खोडायची?"

"तसंच समजा."

"अहो, पण वय थोडंच बदलतं त्यानं?"

"वहिनी, प्लीज."

त्यानं आकडा खोडला, नवा घातला, ड्रायव्हर पुन्हा बांधला. या वेळी कर्नलनं मुकाट घेतला. दिरानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जर कागदाचा गठ्ठा असते तर स्वतःहून त्याच्या पाया पडले असते.

तेवढ्यात सुतार जागा झाला. कुणी काही न सांगता. टक, टकटक, टकटकटकटक, आणि कागद आत ओढायला लागला. प्रत्येक अक्षराचे सहाच्या सहा ठिपके, ओळीमागून ओळ, पानामागून पान. दीर एकेक बटण दाबत होता आणि सुतार जास्तच चेवात येत होता. मी धावत जाऊन विजेच्या पट्टीचं बटण बंद केलं. तोवर बेचाळीस पानं झाली होती. मावशीनं त्यातलं एक उचललं, वरून खाली बोटं फिरवली.

"पूर्ण अक्षरं सगळी," ती म्हणाली. "बेचाळीस पानं आरडाओरडा. इंजिनिअर, हा बोलत नाहीये, किंचाळतोय."

अकरा वाजले होते. शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. मी आवाज शक्य तितका गोड ठेवला.

"चालू आहे ना काम?" बाई म्हणाल्या. "आणि हो, या वेळचे केंद्रप्रमुख फार कडक आहेत बरं का. पाकीट फोडलं की पहिल्यांदा वरची ओळ वाचून घेतात. छपाईची तारीख परीक्षेच्या आदल्या दिवसाची नसली तर गठ्ठा परत. म्हणे जुन्या प्रश्नपत्रिका फिरतात."

"त्याची काळजी नको, बाई. तारीख आमचं मशीन आपोआप घालतं. नऊ वर्षांत चुकलेली नाही."

हे मी बोलले. दिराचीच बोलण्याची पद्धत मला लागली होती आणि मला कळलंही नाही.

फोन ठेवला तर दीर शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेला. "आता मुळावरच घाव घालतो. हेडर-बिडर नकोतच. कर्नलचा पूर्ण सोर्स उतरवतो आणि कर्नलच घरी बांधतो. मी बांधलेला कर्नल, त्याचेच हेडर, त्याचाच ड्रायव्हर. जुळणार नाही कसं?"

"किती वेळ?"

"पाच..." माझ्याकडे बघून तो थांबला. "दीड तास."

सोर्स उतरायला लागला आणि अर्ध्यात अडला. डिस्क भरली होती. दीर काय उडवता येईल ते शोधायला लागला, आणि मग मोठ्यानं म्हणाला. तो नेहमी मोठ्यानंच विचार करतो, कारण मनातल्या मनात करायला मन लागतं.

"हा जुना कर्नल कशाला ठेवलाय? उगाच जागा अडवून बसलाय. काही कामाचा नाही आता. काढून टाकतो."

मधल्या दारापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"खरंच लागणार नाही ना पुढे?" मी विचारलं.

"छे! नवा आल्यावर जुन्याला कोण विचारतं? बघा, मी तरी विचारतोय का त्याला, जातोस का म्हणून? एक बटण दाबलं की गेला."

बटण दाबलं. गेला. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. माझं लक्ष नव्हतं, कारण दिराच्या सोर्सनं आता प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. तुम्हाला अमुक हवं का, तमुक हवं का, हो की नाही. शेकडो प्रश्न. दिरानं पहिले वीस वाचले, मग न वाचता एंटर मारायला लागला, मग बोट दुखलं म्हणून माझं स्टेपलर एंटरच्या बटणावर ठेवलं आणि चहा प्यायला उठला.

"हे न वाचता चालतं?"

"वहिनी, जे महत्त्वाचं ते आपोआप हो असतं."

स्टेपलरनं कर्नल घडवला. पंखा गरगरला, मशीन तापलं, ओळींमागून ओळी गेल्या. मावशी उरलेला कोरा कागद मोजून अकरा प्रतींना पुरेल का ते बघत होती. पुरत होता, वर एक चाचणीची प्रत निघाली असती. दीड वाजता दिरानं मशीन बंद करून नव्या, घरी बांधलेल्या कर्नलवर चालू केलं.

पडदा काळा झाला. ओळी आल्या, थांबल्या. त्याच क्षणी मधलं दार पूर्ण उघडलं आणि सासरे आत आले. अंगात बाहेरचा सदरा, पायात मोजे, हातात बॅग.

दीर पडद्याकडे बघत मोठ्यानं वाचत होता: "कर्नल पॅनिक!"

"मी अजिबात घाबरलेलो नाही," सासरे म्हणाले. "मी शांतपणे निघालोय."

"बाबा, कुठे?"

"जागा अडवून बसलोय ना? काही कामाचा नाही. नवा आल्यावर जुन्याला कोण विचारतं. सगळं ऐकलंय मी. एक बटण दाबलं की गेला, म्हणे. बटण दाबायची तसदी नको, चिरंजीव. मी पायांनी जातो."

"बाबा, तो कर्नल तुम्ही नाही!"

"मग घरात आणखी किती कर्नल पाळलेत?"

"पडद्यातला, बाबा! मशीनमधला!"

"मशीनमधल्याला चहा कोण देतं? जागा कोण अडवतं?" मिश्या थरथरत होत्या. "आणि सून तिथेच उभी होती! म्हणाली काय, तर खरंच लागणार नाही ना पुढे? लागणार नाही! चौतीस वर्षं मी..."

मावशी हसायला लागली. मावशी अशी हसते की टेबलावरच्या पिना उड्या मारतात. "बसा हो, विहीणबाईच्या हातचं पाणी तरी पिऊन जा," ती म्हणाली. "तुमच्या मुलानं तुम्हाला नाही, माझ्या अकरा जणांना घराबाहेर काढलंय."

मग सगळं सांगावं लागलं. सांगताना माझा राग, जो सकाळपासून मी झाकण घालून ठेवला होता, तो उतू गेला. कारण दीर अजूनही मागे पुटपुटत होता: "म्हणजे डिस्कच्या ड्रायव्हरला 'नाही' उत्तर गेलं वाटतं, स्टेपलरनं..." नवा कर्नल स्वतःची डिस्कच ओळखत नव्हता. मुकादम कामावर आला आणि त्याला कारखाना सापडेना. कालचा कर्नल तरी होताच की, पण दिरानं आपला कर्नल त्याच्याच डोक्यावर लिहून टाकला होता. आता मशीनमध्ये एकही धड कर्नल नव्हता. तरी गडी स्क्रू उघडत बसला होता, आणि त्यानं आतून बटणाएवढी एक चपटी बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"रीसेट. कधी कधी यानं होतं." त्यानं बॅटरी पुसली, परत बसवली. पडद्यावर तेच: कर्नल पॅनिक.

"ऊठ," मी म्हटलं.

बारा वर्षांत मी त्याला कधी एकेरी बोलले नव्हते. मलाच माझा आवाज ऐकून धक्का बसला, पण थांबता आलं नाही.

"ऊठ तिथून! काल कोणी बोलावलं होतं तुला? दात घासायला? अकरा माणसं वर्षभर अभ्यास करून बसलीत. उद्या त्यांच्यापुढे कुणीतरी नाक शिंकरत वजाबाकी वाचणार, आणि ती नापास झाली की म्हणणार, आंधळ्यांना गणित येत नाही. तुला काय त्याचं? तुला तर सगळं येतं! आकडा खोडतोस, स्टेपलरला इंजिनिअर करतोस, हेडर म्हणजे काय विचारलं तर मला बेसिक लागतं! सांग की मग! सांग, हेडर म्हणजे काय?"

दीर उठून उभा राहिला. एक श्वास घेतला.

"येत नाही त्याला," मावशी म्हणाली. "विचार मी कसं ओळखलं. थापा मारताना तो श्वास घेत नाही. आत्ता घेतला."

"हेडर म्हणजे," दीर हळूच म्हणाला, "वरच्या... वरच्या फाइली."

सासऱ्यांनी बॅग खाली ठेवली. "कंपनीचं पुस्तक आहे का काही? ड्रायव्हरबरोबर आलेलं?"

दहा पानांची पुस्तिका होती. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचली. पान उलटताना ते बोट ओलं करत होते आणि प्रत्येक पानाला "हं" म्हणत होते. शेवटच्या "हं"नंतर म्हणाले:

"हे तर आमचं स्टोअर आहे. सोर्स म्हणजे गोदाम, सगळा माल. हेडर म्हणजे गोदामाची यादी. कोणता माल कोणत्या फळीवर, किती इंचाचा, कोणत्या नावानं मागायचा. बाहेरच्या प्लंबरला अख्खं गोदाम कशाला लागतं? यादी दिली की तो म्हणतो, सातव्या फळीवरचा वॉल्व्ह द्या. पण यादी त्याच गोदामाची, त्याच वर्षाची पाहिजे. दुसऱ्या वर्षाची यादी घेऊन आला तर सातव्या फळीवर झाडू असतो. आणि यानं काय केलं? यादीवरचं वर्ष खोडलं. मग प्लंबरनं झाडू नेऊन नळाला बसवला. पाणी कसं येईल? बेचाळीस पानं येतील."

मी बघत राहिले. दीरही. त्यानं खिशातून पेन काढलं होतं, लिहून घ्यायला.

"जुना माल कुठाय?" सासऱ्यांनी विचारलं. "तुमचा तो जुना कर्नल, माझा नावभाऊ?"

"काढून टाकला ना, बाबा."

"मशीनमधून काढलास. डिस्क कुठाय, जिच्यावरून पहिल्यांदा बसवला होता?"

"ती नऊ वर्षांपूर्वीची डिस्क कोण ठेवतं?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांचा स्टोअरकीपर जसा पावती न आणणाऱ्याकडे बघतो तसं. मग आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात दोऱ्यानं बांधलेल्या पुड्या: बल्बची वॉरंटी, मेलेल्या मिक्सरचं पुस्तक, आणि एका पाकिटात दोन डिस्क. पाकिटावर त्यांच्या अक्षरात: "छापखाना. कर्नल व यादी. एकत्र ठेवणे."

"एकत्र ठेवणे," ते बोट ठेवून म्हणाले. "बसवायला आलेल्या मुलीनं सांगितलं होतं. मी लिहून घेतलं. माणसानं लिहून घ्यावं."

दोन वीस झाले होते. मी खुर्चीवर बसले. तीन चाकांची होती, पण मला तोल सांभाळता येतो. दीर उभा राहून सांगत होता आणि मी दाबत होते, आणि प्रत्येक बटणाआधी मी विचारत होते, "याचं काय होईल?" आणि त्याला खरं उत्तर येत नसेल तर मी दाबत नव्हते. पहिल्यांदाच त्याला "माहीत नाही" म्हणावं लागलं. चौथ्या वेळी ते त्याला बऱ्यापैकी जमायला लागलं.

डिस्कवरून मशीन उठलं. जुना कर्नल परत बसला. त्याच डिस्कवरची यादी त्याच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या डिस्कवरून सुताराच्या ड्रायव्हरचा कोड घेतला आणि बांधायला सांगितलं.

पडद्यावर एक ओळ लुकलुकली.

"हे काय म्हणतंय?" मी विचारलं. "घड्याळ... फाइलींची तारीख पुढची आहे... असं काहीतरी."

"ती फक्त वॉर्निंग आहे," दीर म्हणाला, आणि त्याचा जुना आवाज जरासा परत आला. "वॉर्निंगला घाबरायचं नसतं. चूक असती तर थांबलं असतं."

थांबलं नाही. अकरा सेकंदांत ड्रायव्हर बांधून झाला. सकाळपासूनची पाच मिनिटं ती हीच, फक्त अकरा सेकंदांची. कर्नलनं ड्रायव्हर हातात घेतला आणि काही न बोलता कामाला लावला.

मी प्रश्नपत्रिका सुताराकडे पाठवली. तो टक म्हणाला, थांबला, आणि मग असा सुरू झाला, संथ, नेमका, एकेक ओळ, की मी डोळे पुसले. राग आला की मला रडू येतं. आनंदाचंही तसंच आहे. त्या वेळी कोणतं होतं सांगता येणार नाही.

पहिली प्रत चाचणीची. मावशीनं ती पुढ्यात घेतली. ती नेहमी पहिल्या प्रश्नापासून सुरू करते. वरची ओळ मशीनची असते, म्हणते, मशीनच्या कामात मी बोट घालत नाही. बोटं पळत होती, तिसऱ्या प्रश्नावर थांबली, मागे गेली, परत पुढे आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "वजाचं चिन्ह आहे. जिथे पाहिजे तिथे आहे." आणि त्यावर तिनं बोट जरा जास्त वेळ ठेवलं.

साडेचारला अकरा प्रती झाल्या. सासऱ्यांनी पाकिटं लाखेनं बंद केली, एका रांगेत उभी केली, दोनदा मोजली आणि गाडीवाल्याची सही घेतली. सही अस्पष्ट वाटली म्हणून पुन्हा घेतली. पाच वाजता गाडी गेली. दिरानं माझ्यासाठी चहा करून आणला आणि कप ठेवताना म्हणाला, "वहिनी, सॉरी. मला खरंच वाटलं होतं मला येतं."

"आता येतं का?"

"हेडर येतं," तो म्हणाला.

सासरे डबा परत बांधत होते. मावशी चाचणीची प्रत फाडायला घेत होती, कारण चाचणीची प्रत फाडायची असा नियम आहे. फाडताना ती कागद वरच्या कडेला धरते. तिची बोटं वरच्या ओळीवर होती. ती फाडायची थांबली.

"अगं," ती म्हणाली. "आत सगळं बरोबर आहे. पण हेडर जुळत नाही."

वरच्या ओळीत केंद्राचं नाव होतं, विषय होता आणि छपाईची तारीख होती. तारीख एक जानेवारी, चौदा वर्षांपूर्वीची. दिरानं बॅटरी काढली तेव्हाच मशीनचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर मागे गेलं होतं. गाडी जाऊन वीस मिनिटं झाली होती.